साडेबाराची घंटा

१

सोमवारी साडेबारा वाजले, पण खेळण्यांच्या कारखान्यात शिवणखात्याची घंटा काही वाजली नाही.

आता एक घंटा वाजली नाही म्हणून आभाळ कोसळत नाही, हे खरं. पण या शिवणखात्यात घड्याळच नव्हतं. घड्याळ दिसलं की हात थांबतात, असं मालकीणबाईंचं ठाम मत होतं आणि त्यांच्या मतापुढे घड्याळाची काय टाप. फोन बाहेर कपाटात. त्यामुळे घंटा वाजत नाही तोवर साडेबारा झालेच नाहीत असं धरून सगळ्या जणी अस्वलं शिवत राहिल्या. पोटात कावळे कोकलायला लागले तरी शिवत राहिल्या. शेवटी घंटा वाजली ती एक वाजता, आणि तीही अशा मेलेल्या आवाजात की मशीनच्या खडखडाटात निम्म्या जणींना ऐकूच गेली नाही. तोवर भुकेच्या भरात एकीने सशाचे लांब कान अस्वलाला शिवून ठेवले होते.

मालकीणबाईंनी ते अस्वल टेबलावर समोर बसवलं आणि फोन उचलला.

फोन गेला ठमीला. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण तिची मावशी भर कचेरीत ‘ठमे’ म्हणून हाक मारायची आणि आता गिऱ्हाइकंही तेच म्हणायला लागली होती. ठमीचा धंदा असा की दुसऱ्यांच्या कारखान्यांतली आणि कचेऱ्यांतली, इंटरनेटला जोडलेली यंत्रं सांभाळायची. दारं, प्रिंटर, कॅमेरे, घंटा, काय म्हणाल ते. दरमहा वर्गणी भरा आणि निवांत राहा. रविवारी सगळीकडे सामसूम असताना ठमी आपल्या खुर्चीत बसून सगळ्या यंत्रांना अपडेट पाठवायची. कंपनीत माणसं दोन. एक ठमी, आणि दुसरी तिची मावशी, जी तक्रारी ऐकायची.

“तुमच्या रविवारच्या अपडेटने माझ्या घंटेचं डोकं फिरवलंय,” मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज असा खणखणीत, की फोन मावशीच्या टेबलापर्यंत ऐकू आला. “उद्या दुपारच्या आत मला सांगा, चूक कोणाची. तुमची असेल तर तुमचं सबस्क्रिप्शन बंद. माझ्या माणसाची असेल तर तो माणूस बंद.”

ठमीच्या तोंडचं पाणी पळालं. हा कारखाना म्हणजे तिचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक. तो गेला तर कचेरीला कुलूप लावून पुन्हा कुणाकडे तरी नोकरी मागायला जायचं, एवढाच रस्ता उरत होता. तिने घाईघाईने स्क्रीनवर शिवणखात्याची घंटा शोधली आणि बघतच राहिली.

“मावशी, हे बघ. अपडेट नीट झालंय. वेळापत्रक बरोबर आहे. आणि इथे म्हणतंय, शिवणखात्याची घंटा आज साडेबाराला वाजली.”

“मग वाजली असेल.”

“अगं, तीस बायका सांगतायत की नाही वाजली.”

“मग नसेल वाजली,” मावशी शेंगदाणे सोलत शांतपणे म्हणाली. “ठमे, मी जन्मभर टेलिफोनच्या तक्रारी घेतल्या. तक्रार कोणी केली हे सगळेच विचारतात. मला ना, तक्रार कोणी केली नाही हे जास्त महत्त्वाचं वाटतं. उद्या सकाळी जाऊ.”

२

मंगळवारी सकाळी दोघी कारखान्यात पोचल्या, तेव्हा शिवणखात्याच्या घंटेखाली स्टूल टाकून वायरमन पहारा देत बसला होता. हातात एक थाळी आणि डाव. साडेबाराला ती बडवायची, असा मालकीणबाईंचा हुकूम होता आणि वायरमनच्या चेहऱ्यावर सणासुदीचा आनंद होता.

“मी पहिल्यापासून सांगत होतो,” तो म्हणाला. “भिंतीतली जुनी घंटा काय वाईट होती? बटण दाबलं की वाजायची. आता म्हणे हिचा मेंदू कुठल्या तरी कचेरीत. मेंदू एकीकडे आणि घंटा दुसरीकडे, मग असंच होणार.”

ठमीच्या मनात चटकन आलं, की हाच तो. घंटा होती छताजवळ, शिडीशिवाय हात पोचणं शक्य नाही, आणि शिडी या बाबाच्या ताब्यात.

“शिडी कुठे असते तुमची?” मावशीने विचारलं.

“असते माझ्याच खोलीत. पण शनिवारी दुपारी घरी नेली, घराला रंग काढायचाय. अजून घरीच आहे. बायको म्हणते, रंग पुरा होईपर्यंत शिडी दाराबाहेर जाणार नाही.” वायरमनने जरा आवाज खाली आणला. “मालकीणबाईंना सांगू नका.”

ठमीचा संशयित असा दोन मिनिटांत हातातून निसटला. मावशी मात्र भिंतीकडे बघत उभी होती. शिवणखातं म्हणजे कापसाचं राज्य. अस्वलांच्या पोटात भरायचा कापूस सगळीकडे उडत असे. दिव्यांवर कापूस, पंख्यांवर कापूस, खिडकीच्या गजांवर पांढरी मिशी. मावशीने चष्मा काढून पुसला आणि परत घातला, तोवर त्यावर नवा कापूस बसला होता.

“काय चकचकीत आहे गं आपली घंटा,” ती म्हणाली.

ठमीला हे कौतुक वाटलं. तिने मान डोलावली.

मग शिवणखात्याच्या मुकादमबाई आल्या. पन्नाशीच्या, ठसठशीत, साडीच्या पदराला चार सुया टोचलेल्या. खात्यातल्या बाकीच्या जणी उशिराच्या घंटेवरून तावातावाने बोलत होत्या, पण मुकादमबाई गप्प.

“तुम्हाला राग नाही आला?” ठमीने विचारलं.

“राग कसला? होतं असं,” त्या म्हणाल्या, आणि उगाचच एका अस्वलाचा कान नीट करायला लागल्या.

मागून एक जण हसत म्हणाली, “राग? एरवी सगळ्यांत शेवटी उठणाऱ्या बाई काल घंटा झाल्याबरोबर धावत सुटल्या. आम्ही म्हटलं, बाईंना भूक लागलेली बघायला मिळाली.”

मुकादमबाई लालबुंद झाल्या. “मशीनकडे बघ. बोट शिवशील.”

ठमीने मावशीला कोपराने ढोसलं. उशिरा वाजलेल्या घंटेवर खूश होऊन धावणारी बाई, याहून मोठा पुरावा कुठला हवा होता? पण मावशीने वायरमनकडे तोंड वळवलं होतं.

“तुम्ही काल साडेबाराला कँटीनमध्ये जेवायला होतात का?”

“होतो की. रंगखातं होतं, पॅकिंगवाले होते. सूरमास्तर होते, पण ते दाराकडे तोंड करून बसले आणि डबा न उघडताच परत गेले. तब्येत बरी नसणार.”

“सूरमास्तर कोण?”

“पलीकडच्या खोलीत बसतात. किल्ली फिरवली की अस्वलाच्या पोटातली पेटी गाणं वाजवते ना, त्या पेट्यांचे सूर लावतात. मोठा माणूस. कानाचा पक्का.”

मावशीने ठमीचा दंड धरला आणि तिला बाहेरच्या बोळात आणलं. तिचे डोळे चमकत होते.

“ठमे, मला एक सांग. शिवणखात्याची घंटा शिवणखात्यात आहे, हे आपल्या स्क्रीनला कसं कळतं?”

“कसं म्हणजे? प्रत्येक घंटेला स्वतःचा नंबर असतो. त्या नंबरावर आपण नाव लिहिलंय, शिवणखातं. वेळापत्रकही त्या नंबरालाच जातं. आणि ती घंटा आपण इथे लावलीय म्हणून...”

ठमी बोलता बोलता थांबली.

३

“लावली होती,” मावशी म्हणाली. “आता कुठे आहे देव जाणे. ही वरची घंटा कापसाच्या खोलीत वर्षभर राहिलेली नाही, ठमे. हिच्या अंगावर कापसाचा कण नाही. शिवाय मेल्या आवाजात वाजली. शिवणखात्याचा आवाज तू केवढा ठेवलायस?”

“पूर्ण. मशीनचा खडखडाट असतो ना.”

“म्हणजे ही कुठल्या तरी शांत खोलीतली. कुणीतरी दोन घंटांची अदलाबदल केलीय. स्क्रीन बिचारी खरंच बोलत होती. शिवणखात्याची घंटा साडेबाराला वाजली, फक्त दुसऱ्याच भिंतीवर.”

ठमीला हसावं की रडावं कळेना. तिची चूक नव्हती, अपडेटची चूक नव्हती, आणि छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. “पण मग त्या दुसऱ्या खोलीतही वेळ चुकली असणार. तिथून कुणी ओरडलं कसं नाही?”

“आता कशी बोललीस,” मावशी म्हणाली.

सगळ्या कारखान्यात त्यातल्या त्यात शांत खोली एकच होती. त्या खोलीचं दार सूरमास्तरांनी स्वतः उघडलं, आणि उघडताना वाकून उघडलं, कारण सूरमास्तर एवढे उंच होते की चौकटीला आणि त्यांच्या कपाळाला जुनं वैर होतं. पंचावन्नच्या आसपासचे, शर्ट कडक इस्त्रीचा, बोटं लांब. टेबलावर पन्नासेक छोट्या पेट्या मांडलेल्या. ते एकेक पेटी कानाशी धरत, बारीक कानशीने आतल्या पोलादी दातांना किंचित घासत, परत ऐकत. चुकलेला सूर लागला की गालातल्या गालात हसत.

भिंतीवर घंटा होती. पण दिसत नव्हती, कारण तिच्यावर एका बिनकापसाच्या अस्वलाचं कातडं टोपीसारखं चढवलेलं होतं.

“हे काय?” ठमीने विचारलं.

“थंडी,” सूरमास्तर म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते उत्तर पटलं नसावं. “म्हणजे धूळ. धूळ बसते.”

“घंटा वेळेवर वाजते ना तुमची?” मावशीने गोड आवाजात विचारलं.

“अगदी. काही तक्रार नाही. मुळीच नाही.”

“तुमची जेवणाची वेळ कुठली?”

“एक,” सूरमास्तर म्हणाले. “साडेबाराला शिवणखात्याची मशीनं बंद होतात. मग अर्धा तास शांतता. बारीक सूर तेवढ्यातच लागतात. म्हणून त्या जेवून आल्या की मी जातो. वर्षानुवर्षं असंच.”

“आणि काल साडेबाराला कँटीनमध्ये बसला होतात.”

सूरमास्तरांच्या हातातली पेटी आपोआप वाजायला लागली. ती बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

मावशी ठमीकडे वळली. “शिवणखात्याची घंटा वाजव बघू.”

ठमीने फोनवर बोट ठेवलं. पलीकडे शिवणखात्यात काहीच झालं नाही. इथे मात्र भिंतीवरच्या अस्वलाच्या कातड्यातून असा गडगडाट उठला की पन्नासच्या पन्नास पेट्या टेबलावर थरथरल्या आणि कातडं उडून ठमीच्या डोक्यावर पडलं. उघड्या पडलेल्या घंटेच्या जाळीत पांढराशुभ्र कापूस गच्च बसला होता.

४

सूरमास्तर स्टुलावर बसले तरी ठमीएवढेच उंच दिसत होते.

“शनिवारी सगळे गेल्यावर केलं,” ते म्हणाले. “मला शिडी लागत नाही. शिवणखात्याची घंटा इथे आणून लावली, म्हणजे मला त्यांच्या वेळेला सुट्टी. घंटा झाली म्हणून गेलो, असं म्हणता येईल. कुणी विचारलं तर दोष घंटेचा.”

“आणि तुमची घंटा तिकडे लावलीत,” ठमी म्हणाली.

“खिळा रिकामा दिसला असता ना. काहीतरी लावायला हवं होतं.”

“पण मग तिकडे एकची घंटा वाजणार, हे...”

“ते डोक्यातच आलं नाही हो.” सूरमास्तरांनी कपाळाला हात लावला. “मी साडेबाराला जाऊन बसलो. दाराकडे बघत होतो. सगळी खाती आली, शिवणखातंच नाही. एक वाजता उठून परत निघालो, जिन्यात त्यांच्या बायका भेटल्या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. संध्याकाळी परत बदलणार होतो, पण तो वायरमन घंटेखाली ठाण मांडून बसलाय. रात्रीचा डबाही तिथेच जेवला.”

“शिवणखात्यात कोण आहे?” मावशीने हळूच विचारलं.

सूरमास्तरांनी टेबलावरची एक पेटी उचलली आणि शर्टाच्या बाहीने पुसत बसले. कान मात्र टोकापर्यंत लाल झाले होते. ठमीला एकदम मुकादमबाईंचा लालबुंद चेहरा आठवला आणि तिच्या डोक्यात बाकीचं सगळं जागच्या जागी बसलं. एक वाजता, आयुष्यात पहिल्यांदा सूरमास्तरांच्या वेळेला सुट्टी मिळाली म्हणून ती बाई धावत सुटली होती. आणि सूरमास्तर तेव्हाच जिना चढून वर येत होते, तीस बायकांच्या गर्दीत मान खाली घालून.

बोळात आल्यावर ठमी भिंतीला टेकली. कोडं सुटलं होतं आणि तिला कसंतरीच व्हायला लागलं होतं.

“नाव सांगितलं तर त्यांची नोकरी जाईल,” ती म्हणाली. “नाही सांगितलं तर आपली कंपनी.”

“हो.”

“मग काय करू?”

“मी तक्रारी ऐकते बाई,” मावशी म्हणाली. “कंपनी तुझी आहे.”

५

मालकीणबाईंच्या टेबलावर सशाच्या कानांचं अस्वल अजून बसलेलं होतं. बाजूला मुकादमबाई उभ्या होत्या. त्यांच्या खात्याचं नुकसान झालं म्हणून त्यांना बोलावलं होतं.

“बोला. चूक कोणाची?”

“आमची नाही,” ठमी म्हणाली. “अपडेट बरोबर होतं, वेळापत्रक बरोबर होतं. दोन घंटांची जागा बदलली गेली होती. स्क्रीनवर दोघींची वेळापत्रकं आत्ता अदलून दिली.”

“कोणी बदलली?”

कचेरीचं कुलूप, थकलेलं भाडं, नोकरीचे अर्ज, सगळं ठमीच्या डोळ्यांपुढून गेलं. तिला भीती वाटली, आणि भीती वाटत असतानाच तिचं ठरूनही गेलं.

“ते मी सांगणार नाही.”

“मग तुमची नाही यावर मी कसा विश्वास ठेवू?”

“नका ठेवू. सबस्क्रिप्शन बंद करा.”

मावशीने पर्समधून शेंगदाणा काढून तोंडात टाकला. ठमी अभिमानाची गोष्ट करते तेव्हा मावशी नेहमी काहीतरी चघळत असे, नाहीतर तिला रडू यायचं.

तेवढ्यात दार उघडलं. कुणीतरी चौकटीला कपाळ आपटलं. सूरमास्तर आत आले, पण मालकीणबाईंकडे बघायच्या ऐवजी मुकादमबाईंकडे बघून बोलायला लागले.

“घंटा मी बदलली. या मुलीची काही चूक नाही.”

“का?” मालकीणबाई म्हणाल्या. “तुम्हाला भूक लवकर लागते?”

“नाही. भूक नव्हती. भूक तर कालपासून नाही.” त्यांनी एक मोठा श्वास घेतला. “मला यांच्याबरोबर बसून जेवायचं होतं. विचारायचं धाडस होईना. म्हटलं, घंटा आपलं काम करेल.”

मग मुकादमबाई, अस्वलाच्या कानाकडे बघत, अगदी रागावून म्हणाल्या, “मी एक वाजता पळत आले होते. जिन्यात तुम्ही माझ्याकडे न बघता गेलात.”

“मी खाली बघत होतो.”

“ते दिसलं मला.”

“तुम्ही पळत कशाला आलात?”

“तुम्ही साडेबाराला कशाला गेलात?”

मालकीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “अरे देवा,” त्या म्हणाल्या. “सगळ्या कारखान्याला ठाऊक आहे. वायरमनला ठाऊक आहे. मला पाच वर्षांपासून ठाऊक आहे. मी वाट बघून कंटाळले. ठाऊक नव्हतं ते फक्त या दोघांना.” मग ठमीकडे वळून, “काय गं मुली, तुझ्या त्या यंत्रात दोन्ही घंटा एकदम साडेबाराला लावता येतात का?”

“एका बटणावर येतात,” ठमी म्हणाली. “पण सूर लावायला शांतता कुठून आणायची? मशीनं तर...”

“सकाळी आहे शांतता,” मुकादमबाई पटकन बोलल्या. “सकाळी आम्ही अगोदर हाताने डोळे शिवतो, अस्वलांचे. मशीनं अर्ध्या तासाने सुरू होतात. तेव्हा कुणी सूर लावले तर आम्हाला ऐकायला पण येतात.”

“हे तुम्हाला कधीपासून सुचलंय?” मालकीणबाईंनी विचारलं.

मुकादमबाईंनी पदराची एक सुई काढून दुसरीकडे टोचली.

“झालं तर मग. माणूसही बंद नाही आणि सबस्क्रिप्शनही बंद नाही. आणि मुली, गोदामाच्या दारांचं आणि कॅमेऱ्यांचं कामही आजपासून तूच बघ. गिऱ्हाईक जात असताना तोंड बंद ठेवणारं माणूस मला माझ्या कुलपांवर हवंय. उद्या दोघी जेवायला या. मला साक्षीदार पाहिजेत.”

जिना उतरताना ठमीला इतका आनंद झाला होता की तिने मावशीचे सगळे शेंगदाणे खाऊन टाकले, आणि मावशीने ते बघितलं नाही असं दाखवलं.

बुधवारी साडेबाराला कारखान्यात दोन्ही घंटा एकदम वाजल्या. एक जोरात, एक हळू, पण एकाच सेकंदाला. कँटीनमध्ये सगळी खाती अगोदरच येऊन बसली होती आणि कुणीही दाराकडे बघत नाही असं दाखवत होतं. वायरमन तर तोंडाजवळ घास धरून तसाच थांबला होता.

सूरमास्तर आले. मुकादमबाई आल्या. दोघं खिडकीजवळच्या टेबलाशी समोरासमोर बसली आणि त्यांनी डबे उघडले. सूरमास्तरांनी आपल्या डब्यातली भाजी न विचारता त्यांच्या झाकणात वाढली. मुकादमबाईंनी एक घास खाल्ला. मग दुसरा. एवढ्या वर्षांनी दोघं एका टेबलाशी बसली होती आणि कुणी अक्षर बोलेना. ठमीचा जीव टांगणीला लागला. सगळं कँटीन कान टवकारून बसलेलं.

“मीठ कमी आहे,” मुकादमबाई म्हणाल्या.

सूरमास्तरांनी मान वर केली. सबंध कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात, एकही सूर न चुकता, ते म्हणाले, “उद्या नीट घालून आणतो.”